चुकलेले भोक आणि वेल्डिंगचे ठिगळ

गळीत हंगाम संपला, गव्हाण रिकामी झाली, की कारखान्यात दुरुस्ती-देखभालीची धांदल सुरू होते. झिजलेले चॅनेल बदलणे, कन्व्हेयरला नवे आधार देणे, क्रेनच्या गर्डरला ब्रॅकेट बसविणे अशी लोखंडकामे पुढच्या मोळीपूजनापर्यंत चालतात. या कामात एक गोष्ट हमखास घडते. भोक चुकीच्या जागी पडते. डावा तुकडा उजवा समजून आखला जातो, किंवा एकाने माप या टोकाकडून घेतलेले असते आणि दुसऱ्याने त्या टोकाकडून. तुळई वर चढवली, की बोल्ट काही केल्या जात नाही.

मग कोणीतरी म्हणतोच, "त्यात काय एवढं! वेल्डिंगनं भोक बुजवा, ग्राइंडर मारा, शेजारी दुसरं पाडा." अर्ध्या तासात काम होते. वर रंग मारला की खूणही दिसत नाही. पण सभासद बंधू-भगिनींनो, धोका नेमका इथेच आहे. कसेतरी बुजवलेले भोक पुष्कळदा उघड्या भोकापेक्षा वाईट असते.

असे का, ते पाहू. २२ मिलिमीटरचे भोक म्हणजे अरुंद, उभ्या भिंतींची विहीरच. तिच्यात रॉड हवा तसा तिरका धरता येत नाही. तळाशी आणि कडेला रस नीट एकजीव होत नाही, स्लॅग आत अडकून राहतो. शिवाय तापलेले वेल्डिंग निवताना आकसते, पण चारी बाजूंचे थंड लोखंड त्याला आकसू देत नाही. ही ओढाताण आतच राहते आणि बारीक चीर पडू शकते. काही जण तर भोकात सळईचा तुकडा ठोकून वरून वेल्डिंगचा थर देतात. तिथे तुकड्याभोवती फट राहतेच, फक्त ती झाकलेली असते.

स्थिर वजन पेलणाऱ्या खांबात अशी चीर वर्षानुवर्षे गप्प बसेल. क्रेनच्या गर्डरचे तसे नाही. समजा, दर दहा मिनिटांनी एक मोळी उचलली, तर दिवसाला १४४ आणि १२० दिवसांच्या हंगामात १७,२८० वेळा ताण चढतो नि उतरतो. तार वाकवून वाकवून तुटते, तशी ती चीर हळूहळू वाढत जाते. खाली माणसे काम करीत असतात, हे विसरून चालणार नाही.

मग करावे काय? पहिला उपाय सर्वांत सोपा. भोक तसेच ठेवा, त्यात वायसर घालून बोल्ट पक्का आवळा. २०० मिलिमीटर रुंद पट्टीत २२ चे एक भोक म्हणजे आडव्या छेदातले ११ टक्के लोखंड कमी. पण बरोबर जागच्या भोकाने तेवढे लोखंड कमी झालेलेच असते आणि त्याचा हिशेब आराखड्यात धरलेला असतो. चुकलेले भोक त्याच आडव्या रेषेत किंवा अगदी जवळ नसेल, तर सहसा फारसे बिघडत नाही. तरी निर्णय अभियंत्याला विचारूनच घ्यावा.

नवे भोक जुन्याला खेटूनच येत असेल, तर मात्र भरणे भाग पडते. आय.एस. ८०० या मानकाप्रमाणे (२००७) दोन भोकांच्या मध्यांत बोल्टच्या व्यासाच्या अडीचपट अंतर लागते. म्हणजे २० च्या बोल्टला ५० मिलिमीटर. तेवढे मिळत नसेल, तर भरण्याची रीत अशी :

१) गोल भोक घासून लांबट, होडीच्या आकाराचे, उतरत्या कडांचे करावे. जाड प्लेटला दोन्ही बाजूंनी.
२) तेल, गंज, रंग पूर्ण काढावा.
३) लो-हायड्रोजन जातीचे, भट्टीत सुकविलेले रॉड वापरावेत.
४) लांबीच्या दिशेने सरळ, पातळ थर द्यावेत. प्रत्येक थरानंतर स्लॅग झाडून काढावा. उलट बाजूने मूळ खरवडून तेथेही वेल्डिंग करावे.
५) पृष्ठभाग सपाट घासून अल्ट्रासॉनिक तपासणी करावी. क्रेन गर्डरसारख्या ठिकाणी तपासणीशिवाय ठिगळ नकोच.
६) नवे भोक ड्रिलनेच पाडावे, गॅसने ओढून नव्हे.

हेच आपल्या ऊस-ट्रॉलीलाही लागू आहे. चेसिसला आणि दांडीला रस्त्यावरचे हजारो हिसके बसतात. तिथले जादा भोक गावच्या वेल्डरकडून बुजवून घेण्याऐवजी बोल्ट आवळून ठेवणे बरे.

खरा उपाय मात्र आधीचाच. पत्र्याचा फर्मा करून आखणे, पंच मारून दुसऱ्याकडून माप तपासून घेणे, आणि वर चढवण्याआधी जमिनीवर जुळवणी करून पाहणे. यात तासभर जास्त जाईल. पण ऐन हंगामात गर्डर उतरवावा लागला, तर गाळप थांबते आणि तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटते. म्हणून दुरुस्ती विभागाने "हे भोक आज भरता येणार नाही, तपासणी व्हायची आहे" असे सांगितले, तर ती दिरंगाई समजू नये. ती आपल्याच उसाची आणि आपल्याच माणसांची काळजी आहे.