एका खेकड्याची एकच नांगी

फ्लोरिडात १५ ऑक्टोबर ते १ मे या हंगामात स्टोन क्रॅब पकडायला मुभा असते; खेकडा घरी न्यायला मात्र नसते. सापळा वर ओढायचा, नांगी मोजायची, ती मापात बसली तर तोडून घ्यायची आणि खेकडा जिवंत पाण्यात सोडायचा. कोकणात चिंबोरी अख्खी रश्शात पडते, त्यामुळे ही रीत आपल्याला अनोखी वाटते. तिच्यामागे कारण आहे. या खेकड्याचे खाण्याजोगे मांस जवळजवळ सगळे त्याच्या दणकट नांग्यांत असते आणि तुटलेली नांगी पुन्हा उगवते. म्हणूनच जीव न घेता मिळणारे समुद्राचे पीक अशी तिची ख्याती झाली आहे. ही ख्याती अर्धीच खरी आहे. कायदा मापात बसणाऱ्या दोन्ही नांग्या घेऊ देतो. तरीही जो पोटासाठी नव्हे, हौसेसाठी सापळा टाकतो, त्याने एका खेकड्याची एकच नांगी घ्यावी, असे मला ठामपणे वाटते.

नांगी उगवते, पण सावकाश. खेकडा जुने कवच टाकतो तेव्हाच ती वाढते आणि मोठा खेकडा साधारण वर्षातून एकदाच कवच टाकतो. त्यामुळे पुन्हा मापाची नांगी यायला दोन-तीन वर्षे जातात. या खेकड्याचे आयुष्यच सात-आठ वर्षांचे असते. शिवाय दोन्ही नांग्या सारख्या नसतात. जाड नांगी कालवांचे शिंपले फोडते, सडपातळ नांगी पकडते आणि कापते. दोन्ही गेल्या की शिंपल्यातले अन्न बंद होते, ऑक्टोपससारख्या शत्रूपुढे बचाव उरत नाही आणि मादीसाठीच्या झटापटीत नर मागे पडतो. त्याआधी जखम भरायला हवी. सांध्याशी एक ठरावीक रेघ असते. झटका त्या रेघेवर बसला तर आतला पडदा शाबूत राहतो आणि रक्तस्राव थांबतो. नांगी पिळून ओढली आणि तिच्याबरोबर शरीरातले मांस बाहेर आले, तर खेकडा पाण्यात परतला तरी वाचणे कठीण. १९७०च्या दशकात फ्लोरिडात झालेल्या, आजही आधाराला घेतल्या जाणाऱ्या प्रयोगांत एक नांगी काढलेल्या खेकड्यांपैकी २८ टक्के, तर दोन्ही काढलेल्यांपैकी ४७ टक्के मेले. उन्हात, कोरड्या डेकवर ताटकळलेल्या खेकड्याची स्थिती आणखी बिकट होते.

याच आकड्यांतून माझ्या म्हणण्यावरचा सर्वात जड आक्षेप निघतो आणि त्याला बगल देता येणार नाही. समजा, शंभर नांग्या हव्या आहेत. दोन्ही घेतल्या तर पन्नास खेकडे पुरतात आणि त्यांतले तेवीस-चोवीस मरतात. एकेकच घेतली तर शंभर खेकडे लागतात आणि २८ मरतात. म्हणजे एक नांगी सोडण्याचे पुण्य उलटेच पडले! हा हिशेब बरोबर आहे, पण त्याचे गृहीतक चुकीचे आहे. ‘शंभर हव्याच’ ही अट कुठून आली? हौशी माणसाला पाचच सापळे लावता येतात. त्यांत आलेले खेकडे आले तेवढेच. त्या पन्नासांची एकेक नांगी घेतली तर १४ मरतात आणि ३६ खेकडे एका नांगीनिशी जगतात. दोन्ही घेतल्या तर उरलेले सव्वीस-सत्तावीस निःशस्त्र राहतात. तेव्हा एक नांगीचा नियम एकटा उपयोगाचा नाही, त्याच्या जोडीला मर्यादाही निम्मी व्हायला हवी. आज ती माणशी एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, आणि बोटीमागे दोन गॅलन नांग्यांची आहे. अर्ध्या गॅलनच्या नांग्यांतही घरच्यांचे एक जेवण सहज होते.

दुसरा आक्षेप असा, की बहुतेक नांग्या व्यावसायिक बोटीच नेतात, मग हौशी माणसाच्या मूठभर नांग्यांनी काय बिघडते? व्यावसायिक मच्छीमाराची मिळकत निम्मी करा म्हणणे सोपे नाही. त्याच्यावर सापळ्यांचा, इंधनाचा, घराचा बोजा असतो. हौशी माणसाचे मात्र चार घास कमी होतात, एवढेच. उत्पादन घसरत चालल्यामुळे २०२० साली राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाने नियम कडक केले. नांगीचे किमान माप पावणेतीन इंचांवरून २ ७/८ इंच, म्हणजे ७.३ सेंटिमीटर झाले आणि हंगाम दोन आठवडे आधी संपू लागला. अंडी असलेल्या मादीची नांगी तोडायला बंदीच आहे. अशा वेळी ज्याला झळ सर्वात कमी, त्याने आधी पाऊल उचलणे न्यायाचे आहे. एक नांगी ठेवल्यास खेकड्याला अन्न मिळवणे आणि बचाव करणे सोपे जाते, असे आयोगही सांगतो. पण ते सल्ल्यापुरतेच.

चवीच्या बाजूने पाहिले तरी या नांग्या भराभर खाण्याच्या नाहीत. कच्ची नांगी बर्फात ठेवली की मांस कवचाला चिकटते, म्हणून ती किनाऱ्यावर येताच उकळतात, मग थंड करतात. खाण्याआधी कवचाला हातोडीने बेताने तडे द्यायचे आणि गोडसर, दळदार मांस मोहरीच्या सॉसमध्ये बुडवून खायचे. मायामी बीचवर १९१३ साली सुरू झालेल्या ‘जोज’ या उपाहारगृहाने १९२०च्या दशकात ही थंड नांगी प्रसिद्ध केली आणि ती आजही तशीच वाढली जाते.

एकच नांगी घेण्याचा नियम पाळला जातो की नाही हे कसे तपासणार, असे कोणी विचारेल. पिशवीतल्या डाव्या-उजव्या नांग्या एकाच खेकड्याच्या की दोघांच्या, हे खरोखरच कळत नाही. पण जाड आणि सडपातळ नांगी बघताक्षणी ओळखू येते. हौशी माणसाने फक्त सडपातळ नांगी घ्यायची, असे ठरवले तर पिशवीतली एक जाड नांगीही पुरावा ठरेल. जाड नांगीत मांस जास्त, म्हणून पुष्कळांना उलटा नियम आवडेल, आणि त्याच्याही बाजूने निसर्गाचा आधार आहे: जाड नांगी गेली की पुढच्या एक-दोन वेळा कवच टाकताना सडपातळ नांगीच जाड होऊ लागते आणि नव्याने उगवणारी सडपातळ बनते. पण तोवर त्या खेकड्याला शिंपले फोडता येत नाहीत. माझा कौल सडपातळ नांगीच घेण्याला आहे. तिला माप तेच लागू राहील, म्हणजे काही खेकडे दोन्ही नांग्यांसह परत जातील. तेही चांगलेच.