गवत, दरोडा आणि स्वातंत्र्य

स्वातंत्र्याचा इतिहास आपण दिल्ली-मुंबईच्या बैठकांमधून शिकतो. त्यामुळे पनवेलच्या आसपासचा लढा सांगताना आवाज आपोआप खाली येतो. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके शूर होते, पण केले शेवटी दरोडेच. चिरनेरचा सत्याग्रह म्हणजे लाकूडफाट्याचे भांडण. आणि स्वातंत्र्य तर महायुद्धाने दमलेल्या इंग्रजांनी आपणहून देऊन टाकले. हे तिन्ही समज एकाच मुळातून फुटलेले आहेत. साम्राज्य म्हणजे व्हाइसरॉय आणि गोरी पलटण, असे आपण धरून चालतो. खेड्यातल्या माणसाला ते कधी त्या रूपात भेटलेच नाही. त्याला भेटले ते सारावसुली, सावकाराचा हुकूमनामा आणि रानाचा रखवालदार, आणि यामागची माणसे बहुतेक देशीच होती. त्यांचे ऐकले जात होते, म्हणून मूठभर इंग्रजांना एवढा देश चालवता आला. तेव्हा या खालच्या हुकमाला नकार देणे हे स्वातंत्र्याच्या लढ्याचे किरकोळ अंग नव्हते.

फडक्यांचे उदाहरण घ्या. १८४५ साली शिरढोणला जन्मलेला हा माणूस पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून होता. १८७६-७७ च्या दुष्काळात त्याने मुलूख पाहिला आणि १८७९ मध्ये रामोशी साथीदार जमवून बंड उभारले. घरे लुटली गेली ती सावकार-व्यापाऱ्यांची, म्हणजे आपल्याच लोकांची, हा आक्षेप खरा आहे. मे १८७९ मध्ये त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांच्या टोळीने घातलेले छापे तर पनवेलजवळच्या पळस्पे आणि चिखलीवरच होते. परतीच्या वाटेवर मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले आणि नाईक मारले गेले. लुटीच्या पैशातून फौज उभी करायची हा फडक्यांचा बेत होता, तो फसला. लोक उठतील ही अपेक्षाही फोल ठरली आणि याची सर्वांत मोठी खंत त्यांनाच होती. पण दरोडेखोर म्हणून त्यांची बोळवण करण्यापूर्वी सरकारने काय केले तेही पाहावे. खटला नुसत्या दरोड्याचा चालला नाही, सरकारविरुद्ध युद्धाची तयारी केल्याचा आरोप ठेवला गेला. त्यांच्या बाजूने सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, वकील म्हणून उभे राहिले. जन्मठेप भोगायला एडनला पाठवलेले फडके १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच वारले. चोराची एवढी धास्ती कुठले सरकार घेत नाही.

चिरनेरची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण इथे नकार एकट्यादुकट्याचा नव्हता. १९३० च्या उन्हाळ्यात मिठाचा कायदा मोडला जात होता. पावसाळ्यात मीठ कसे पिकवणार? म्हणून महाराष्ट्रात जंगल सत्याग्रह पुढे आला. १० जुलैला पुसदला लोकनायक अण्यांनी तो सुरू केला. राखीव रानात गवत कापणे हा गुन्हा ठरवला गेला होता, म्हणून तेच करायचे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या डोंगरावर गुरे चरली, तिथे पाऊल टाकले की दंड, हे शेतकरी आणि कातकरी दोघांनाही उमजत होते. आज उरण तालुक्यात असलेले, तेव्हा पनवेलच्या मामलेदाराच्या अखत्यारीतले चिरनेर. तिथे २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या रानात पोलिसांनी गोळीबार केला. आठ हुतात्म्यांमध्ये नाग्या कातकरी आहे. आणि त्या दिवशी पनवेलचे मामलेदार केशव महादेव जोशी हेही मारले गेले. सत्ता ज्यांच्या हातून चालते ते हातही गोळीच्या आड आले, हा तपशील चिरनेरच्या कथेत फार वेळा तळटीपेसारखा सांगितला जातो.

यावर वजनदार आक्षेप असा की चिरनेरनंतर जंगल कायदा उठला नाही आणि इंग्रज गेले ते सतरा वर्षांनी, युद्धामुळे. युद्धाचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. युद्ध संपले तेव्हा ब्रिटन हिंदुस्थानचे १०० कोटी पौंडांहून अधिक देणे लागत होते. पण पैसा नसला की राज्य लगेच सोडावे लागते असे नाही. हॉलंडही युद्धाने खंगले होते, तरी त्याने इंडोनेशियासाठी १९४९ पर्यंत लष्कर वापरले. फरक पडतो तो हाताशी आज्ञाधारक माणसे उरली आहेत का यावर. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नाविकांनी बंड केले तेव्हा ती उरली नसल्याचे दिसले. शिवाय परिस्थितीची मदत तर प्रत्येकाला लागते. फ्रेंच आरमाराशिवाय १७८१ मध्ये यॉर्कटाऊनला अमेरिकनांचा विजय अवघड होता, म्हणून कोणी त्यांचे स्वातंत्र्य दान म्हणत नाही.

कागदाने स्वातंत्र्य आले असे ज्यांना अजूनही वाटते, त्यांनी शेजारचे जंजिरा संस्थान पाहावे. लंडनचा स्वातंत्र्याचा कायदा १८ जुलै १९४७ चा, पंधरा ऑगस्टला पनवेल स्वतंत्र झाले. मुरुड-श्रीवर्धनवर मात्र नवाबाचा अंमल तसाच होता. १९४८ च्या सुरुवातीला नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तरुण जमवून संस्थानी ठाण्यांवर चाल केली, आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात जंजिरा मुंबई प्रांतात विलीन झाले.