मनाचे औषध आणि हृदयाचे तंतू

नैराश्यावरील गोळ्या चालू असूनही हृदयाच्या डॉक्टरांना त्याचा पत्ता लागू न देण्याची रीत आमच्या पाहण्यात पुष्कळ घरांत आहे. मनाच्या औषधाचा हृदयाशी काय संबंध, असेच बहुतेकांना वाटते. संबंध आहे, आणि तो निकटचा आहे.

हृदय आपल्या लयीने चालते. पण मज्जातंतू त्याला सतत हुकूम देत असतात. काही तंतू वेग वाढवितात, तर व्हेगस नावाचा तंतू तो आवरतो. हे हुकूम रसायनांच्या द्वारा पोहोचतात, हे १९२१ साली ओटो लोवी यांनी दाखविले. एका बेडकाच्या हृदयाचा व्हेगस चेतवून त्यातील द्रव त्यांनी दुसऱ्या हृदयाला दिला, तेव्हा तेही मंदावले! हे मंदावणारे द्रव्य ॲसिटिलकोलीन. वेग वाढविणारे नॉरॲड्रेनलिन.

काम झाल्यावर नॉरॲड्रेनलिनचे काय होते? बहुतांशी ज्या तंतूने ते सोडले, तोच ते परत शोषून घेतो. ज्यूलियस ॲक्सेलरॉड व त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सर्गी नॉरॲड्रेनलिन मांजरांना टोचले असता ते हृदयात साठलेले आढळले. १९६१ साली त्यांना असे दिसले की, इमिप्रामीन आधी दिल्यास हा साठा घटतो; म्हणजे परतीची वाट अडते. इमिप्रामीनचा नैराश्यावरील गुण स्वित्झर्लंडचे रोलंड कून यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला होता. मेंदूवरील औषधाचे मर्म हृदयात सापडावे, ही मौजच म्हणायची. ॲक्सेलरॉड यांना १९७० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

इमिप्रामीन, अमिट्रिप्टिलीन ही जुनी औषधे एवढ्यावर थांबत नाहीत. व्हेगसचा निरोपही ती अडवितात, म्हणून नाडी जलद होते. रक्तवाहिन्या सैल पडून उठताना घेरी येते. खरा धोका निराळाच आहे. हृदयपेशींत सोडियम शिरण्याच्या वाटा ती रोखतात, त्यामुळे विद्युत्प्रवाह रेंगाळतो. गोळ्या अतिप्रमाणात पोटात गेल्यास यानेच प्राण जाऊ शकतो. इस्पितळात त्यावर सोडियम बायकार्बोनेट शिरेतून देतात. घरी सोडा पाजून ते काम होत नाही.

फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन ही नंतरची औषधे मुख्यतः सेरोटोनिनची परतीची वाट अडवितात. हृदयाला ती पुष्कळच सौम्य. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रोग्यांत सर्ट्रालीनची पाहणी होऊन २००२ मध्ये ते निर्धोक असल्याचे प्रसिद्ध झाले. सिटालोप्रॅमची गोष्ट वेगळी. दर ठोक्यानंतर हृदयाला विद्युत्दृष्ट्या पूर्ववत होण्यास लागणारा वेळ ते लांबविते. म्हणून साठीपुढील रोग्यांना दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक देऊ नये, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये सुचविले.

तेव्हा दोन्ही डॉक्टरांना सर्व गोळ्या दाखवाव्या. हृदयाचा विद्युत्-आलेख काढावयाचा की नाही, ते त्यावरून ठरवितील. हे वाचून धास्तीने कोणी गोळी एकाएकी बंद मात्र करू नये. त्याने चक्कर, मळमळ, बेचैनी होते, आणि दबलेले नैराश्य पुन्हा उसळू शकते.