विश्लेषण : मासा संध्याकाळी लागतो, वळीवही संध्याकाळीच येतो! मे महिन्यात धरणात होडी घालताना काय पाहावे?

परीक्षा संपल्या की कोल्हापुरातून गाड्या दोन दिशांना निघतात. एक कोकणात, दुसरी धरणांकडे. राधानगरी, काळम्मावाडी, कोयनेचा शिवसागर आणि ज्यांना लांबचा पल्ला चालतो त्यांच्यासाठी उजनी. या दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यांत गळ आणि रॉड घेऊन निघालेली मंडळी हल्ली बरीच दिसतात. काठावरच्या होडीवाल्याशी भाव ठरवायचा आणि दिवस मावळेपर्यंत पाण्यावर काढायचा, असा साधा बेत असतो. अडचण एवढीच की मे महिन्यात मासा गळाला लागण्याची वेळ आणि वळीव कोसळण्याची वेळ जवळपास एकच असते.

उजनीत नेमके काय घडले होते?

२१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. बोटीतील एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागला. दोन लहान मुलांसह सहा जणांचा मृत्यू झाला. शोधासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला पाचारण करावे लागले आणि मृतदेह हाती लागायला दोन दिवस गेले. ही मासेमारीची बोट नव्हती. दोन काठांवरच्या गावांमधली ती रोजची ये-जा होती, कारण रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो. पण पाणी तेच, महिना तोच आणि वेळही तीच, ज्या वेळी गळ टाकून बसलेली होडी पाण्याच्या मध्यावर असते.

उन्हाळ्यात उजनी ‘उणे’ पातळीत गेल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. त्यामुळे पाणी उथळ झाले असेल, धोका कमी झाला असेल, असा समज होतो. तो चुकीचा आहे. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत. म्हणजे उपयुक्त साठा संपला तरी धरणात ६० टीएमसीच्या आसपास पाणी असू शकते. आपल्या राधानगरीची पूर्ण क्षमता ८.३६ टीएमसी आहे, त्यावरून अंदाज यावा. उलट पाणी उतरल्यावर नवे अडथळे वर येतात. बुडालेल्या गावांच्या भिंती, झाडांची खोडे, जुने बांध. पळसदेवचे मंदिर उघडे पडले की फोटो काढायला गर्दी होते. पण पाण्याखाली हातभरावर राहिलेली भिंत कुणालाच दिसत नाही.

पावसाआधी वारा का येतो?

वळिवाचा ढग दुपारच्या उन्हात तयार होतो. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, अरबी समुद्राकडून आलेले बाष्प तिच्यासोबत वर जाते आणि तीन-चारच्या सुमारास आभाळ काळवंडू लागते. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असते. पुढचा भाग महत्त्वाचा. ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेतून येताना थोडा वाफ होऊन जातो. त्याने ती हवा थंड आणि जड होते, धाडकन खाली आदळते आणि जमिनीवर चहूबाजूंना पसरते. बादलीभर पाणी फरशीवर ओतल्यावर जसे पसरते, तसेच. हा थंड वारा पावसाच्या काही किलोमीटर पुढे धावतो. म्हणून डोक्यावर ऊन असतानाही अचानक झोत येतो. जमिनीवर झाडे, घरे, टेकड्या त्याचा जोर मोडतात. जलाशयावर त्याला अडवायला काहीच नसते.

थोडे गणित इथे करायलाच हवे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी २० किलोमीटरचा वारा ६० वर गेला तर होडीवरचा रेटा तिप्पट नव्हे, नऊपट होतो. लाटेची उंची वाऱ्याचा वेग, तो किती वेळ टिकला आणि त्याला किती लांब मोकळे पाणी मिळाले, यावर ठरते. पाच किलोमीटर मोकळ्या पाण्यावर ताशी ६० किलोमीटरचा वारा पाऊण तास टिकला तर साधारण पाऊण मीटरच्या लाटा उठतात. समुद्रावर राहणाऱ्याला ही लाट किरकोळ वाटेल. पण धरणातल्या चपट्या होडीचा काठ पाण्यापासून हात-दीड हातच वर असतो आणि तलावातल्या लाटा तीन-साडेतीन सेकंदांनी एकापाठोपाठ येतात. एका लाटेचे आत आलेले पाणी उपसायच्या आत दुसरी येते.

कोयनेसारख्या दरीतल्या जलाशयाची तऱ्हा वेगळी. तिथे रुंदी कमी, पण लांबी मोठी. वारा दरीच्या दिशेने वाहिला तर त्याला लांबलचक पट्टा मिळतो आणि दोन्ही काठ जवळ दिसत असूनही कडे उभे असल्याने होडी लावायला जागा सापडत नाही.

मग मासेमारी करायची कधी?

मे महिन्यात पृष्ठभागाजवळचे पाणी तापते. दुपारी मोठा मासा खोल जातो आणि पहाटे व दिवस कलल्यावर उथळात चरायला येतो. कटला असो, रोहू असो की उजनीची प्रसिद्ध चिलापी, गळ टाकणाऱ्यांचा अनुभव हाच. त्यामुळे हौशी माणूस साहजिकच संध्याकाळ निवडतो. पहाटे साडेतीनला कोल्हापूर सोडायचे कोण? पण वळिवाच्या दृष्टीने पहाटच सर्वांत सुरक्षित असते. रात्रीत जमीन निवलेली असते आणि नवा ढग तयार व्हायला दुपार लागते. उजाडताना होडी घालून अकराच्या आत काठावर यायचे, हा बेत झोपमोड करणारा असला तरी शहाणपणाचा आहे. संध्याकाळीच बसायचे असेल तर काठावरून गळ टाकावा.

आणि तरीही होडी घ्यायची झाली तर अंतराचा हिशेब आधी करावा. गडगडाट साधारण दहा किलोमीटरवरून ऐकू येतो. वाऱ्याचा झोत ताशी ४० किलोमीटरने येत असेल तर पहिला गडगडाट ऐकल्यापासून हातात पंधरा मिनिटे उरतात. वल्ह्याची होडी ताशी तीन किलोमीटरने जाते असे धरले तर पंधरा मिनिटांत पाऊण किलोमीटर. लहान इंजिन असेल तर दोन किलोमीटर. त्यातली पाच मिनिटे गळ गुंडाळण्यात आणि ‘अजून लांब आहे’ म्हणण्यात जातात. त्यामुळे वल्ह्याची होडी काठापासून अर्ध्या किलोमीटरपलीकडे नेऊच नये, असे आमचे गणित सांगते.

परदेशात हे कसे सांभाळतात?

अमेरिकेत लेक मिशिगनवर उन्हाळ्यात भाड्याच्या बोटीतून मासेमारी हा मोठा व्यवसाय आहे. १९६६ मध्ये तिथे सामन मासा सोडण्यात आला, त्यानंतर तो फोफावला. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्याला तटरक्षक दलाचा परवाना लागतो आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यासाठी वारा व लाटांचा स्वतंत्र अंदाज दिला जातो. तरीही चूक होते. १९ जुलै २०१८ रोजी मिसुरीतील टेबल रॉक तलावात पर्यटकांची बोट वादळात बुडाली. ३१ पैकी १७ जण गेले. वादळाचा इशारा बोट पाण्यात उतरण्याच्या सुमारे वीस मिनिटे आधीच निघाला होता. लाइफ जॅकेट बोटीत होती, अंगात नव्हती. वरच्या छतामुळे बाहेर पडणेही अवघड झाले. आपल्याकडच्या पर्यटक होड्यांना उन्हासाठी लावलेले कापडी छत पाहताना हे आठवते. वादळात ते आधी शिडासारखे वारा धरते आणि होडी उलटली की जाळ्यासारखे अडकवते.

आपल्याकडे एकेका जलाशयासाठी असा अंदाज हाती येत नाही, पण हवामान विभाग जिल्हानिहाय तीन तासांचा तातडीचा अंदाज देतो. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडत असल्याची सूचना देते. जलाशयाच्या आतल्या भागात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून हे काठावरच पाहून घ्यावे.

पाण्यावरच गाठले तर?

निघालो त्याच घाटाकडे परतण्याचा हट्ट सोडावा. जो काठ सर्वांत जवळ, तोच आपला. सगळ्यांनी खाली, मधोमध बसावे. होडीचे नाक लाटेकडे थोडे तिरके ठेवावे, कारण आडवी लाट लागली की होडी उलटते. नांगर टाकायचा तर नाकाकडून, मागून कधीच नाही. छत सोडून टाकावे. कार्बनचे रॉड विजेचे वाहक असतात, ते आडवे ठेवावेत. होडी उलटलीच तर तिला धरून राहावे. काठ दिसतो त्याहून लांब असतो आणि पोहायला सुटलेला माणूस लाटांत दमतो. लाइफ जॅकेटची गरज इथे कळते. प्रौढ माणसाचे डोके पाण्यावर राहायला साधारण सात किलोचा आधार पुरतो, पण जॅकेट सुरुवातीपासून अंगात आणि पट्टे आवळलेले हवेत. उलटलेल्या होडीजवळ ते घालणे जवळपास अशक्य.

परवानगीचे काय, हा प्रश्न बहुतेक जण शेवटी विचारतात. बऱ्याच जलाशयांतील मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे असतो, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. चांदोलीचा जलाशय राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथे मासेमारीचा विचारच नको. राधानगरी अभयारण्याच्या परिसरातही आधी वन विभागाकडे चौकशी करावी.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही चार मित्र एका जलाशयावर होडी ठरवून गेलो होतो. साडेचारला, पहिली चिलापी लागल्यावर लगेच, होडीवाल्या मामांनी होडी वळवली. आभाळ आमच्या बाजूला निरभ्र होते. आम्ही थोडी हुज्जतही घातली, पूर्ण पैसे दिलेत म्हणून. मामांनी पलीकडच्या काठावरची धूळ दाखवली. तिथे शेतातली माती उभी राहिली होती. काठावर होडी ओढून घेईपर्यंत वारा पोहोचला आणि आम्ही मघाशी बसलो होतो ती जागा पांढरी झाली. पुढचा पाऊण तास आम्ही गाडीत काढला. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचे असते, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हते, मामांना होते. त्यांनी त्या दिवशी पुन्हा होडी पाण्यात घातलीच नाही.