चाचणीइतकीच नोंदही महत्त्वाची

चाचणीत रोग सापडला की माणूस वाचला, असं आपण धरून चालतो. खरंच वाचला का, हे नोंद ठेवली तरच कळतं.

बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सगळे रुग्ण दवाखान्यात येतीलच असं नाही, म्हणून कर्मचारी गावोगाव फिरून रुग्ण आणि मृत्यू टिपू लागले. पुढे शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. एका गटात गर्भाशयमुखाचा नमुना घेऊन एचपीव्ही विषाणूचा डीएनए शोधला, गरज दिसली तिथे उपचार केले. चाचणी एकदाच केली. आठ वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा नेहमीची आरोग्यसेवा मिळालेल्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले होते. डीएनए चाचणीच्या गटात ३४.

हा फरक कळला, कारण गावागावातले मृत्यू कुणीतरी लिहून ठेवत होतं. आज स्तनाच्या कर्करोगात बीआरसीए जनुकांची तपासणी होते, तिलाही हाच नियम लागू. गणेशपुरीच्या आसपासच्या पाड्यांवर उद्या अशी चाचणी आली, तर आपण आधी विचारूया: दोष निघालेली बाई उपचारापर्यंत पोचली का, हे कोण लिहून ठेवणार?