बालाघाटचा कौल : एका दीर्घ आमदारकीचा वृत्तांत

1985 मध्ये मध्य प्रदेश विधानसभेच्या 320 जागांचे निकाल लागले तेव्हा, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर उसळलेली सहानुभूतीची लाट अद्याप ओसरलेली नसल्यामुळे, भारतीय जनता पक्षाच्या पदरात अवघ्या 58 जागा पडल्या; आणि त्या मोजक्या विजयी मंडळींत वैनगंगाकाठच्या बालाघाट मतदारसंघातून निवडून आलेले, वयाची तेहेतीस वर्षे पुरी केलेले गौरीशंकर चतुर्भुज बिसेन हे एक होते. 2023 मध्ये त्याच पक्षाने 230 पैकी 163 जागा जिंकून राज्यात निर्विवाद सत्ता मिळवली, तेव्हा मात्र विद्यमान मंत्री असलेले हेच बिसेन बालाघाटात पराभूत झाले. पक्ष बुडाला असता तरलेला आणि पक्ष तरला असता बुडालेला हा लोकप्रतिनिधी मधल्या काळात सात वेळा विधानसभेवर आणि दोन वेळा लोकसभेवर निवडून गेला. राज्यातील वारे आणि एका मतदारसंघाचे मन यांचा संबंध वाटतो तितका सरळ नसतो, याची साक्ष या कारकीर्दीइतकी स्पष्ट क्वचितच मिळेल.

हा मुलूख समजल्यावाचून हा माणूस समजणार नाही. मंडला, शिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे तुकडे जोडून इंग्रज अमलात 1867 च्या सुमारास बालाघाट जिल्हा सिद्ध झाला, आणि जुन्या मध्यप्रांतात त्याचा कारभार दीर्घकाळ नागपूरच्या कमिशनरीकडे होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मात्र मध्य प्रदेशातच राहिला. तेव्हापासून दरबार भोपाळचा आणि दवाखाना, बाजार, सोयरीक नागपूर-गोंदियाकडची, अशी या जिल्ह्याची दुहेरी वहिवाट पडली आहे. वर बैहरच्या पठारावर गोंड आणि बैगा, खाली वैनगंगेच्या खोऱ्यात धानाच्या बांध्या राखणारे पवार, लोधी, मरार आदी कास्तकार. लांजी-वारासिवनीकडे हिंदीच्या जोडीला मराठी आणि पोवारी. बिसेन याच पवार समाजातले. अशा आडबाजूच्या जिल्ह्यात आमदार हा कायदे करणारा म्हणून थोडा, आणि दूरच्या सरकारदरबारी आपला अर्ज पुढे सरकवणारा म्हणून अधिक ओळखला जातो.

1990 मध्ये पक्षाला बहुमत मिळाले, बिसेन पुन्हा आले; बाबरी मशीद पडल्यानंतर डिसेंबर 1992 मध्ये सुंदरलाल पटवा यांचे मंत्रिमंडळ बरखास्त झाले आणि 1993 मध्ये सत्ता काँग्रेसकडे गेली, तरी बिसेन निवडून आलेच. 1998 मध्ये ते लोकसभेत गेले. परंतु ती लोकसभा वाजपेयी सरकार एका मताने कोसळल्यामुळे अल्पायुषी ठरली, आणि 1999 च्या निवडणुकीत पक्षाने बालाघाटातून प्रल्हाद पटेल यांना उभे केले. 2003 मध्ये पुन्हा विधानसभा, 2004 मध्ये पुन्हा लोकसभा, 2008 मध्ये पुन्हा विधानसभा, अशी त्यांची ये-जा चालली. त्याच वर्षीपासून लागू झालेल्या नव्या परिसीमनात जिल्ह्याच्या आठ जागांच्या सहा झाल्या, किरनापूर आणि खैरलांजी हे मतदारसंघ नकाशावरून पुसले गेले, बालाघाट राहिले.

मंत्रिपद त्यांना या टप्प्यावर, पहिल्या आमदारकीला जवळजवळ दोन तपे होत आल्यावर, लाभले. सहकार खाते त्यांच्याकडे असतानाच्या काळात सहकारी संस्थांमार्फत मिळणाऱ्या अल्पमुदतीच्या पीककर्जावरील व्याज शून्यावर आले. 2013 नंतर कृषी खाते आले, आणि त्याबरोबर कसोटीही. जून 2017 मध्ये मंदसौर येथे शेतकरी आंदोलनावर गोळीबार होऊन शेतकरी मृत्युमुखी पडले, त्यानंतर ऑक्टोबरात शासनाने भावांतर भुगतान योजना काढली. तिची रीत अशी, की नोंदणी केलेल्या शेतकऱ्याने माल नेहमीप्रमाणे मंडीत विकावा, आणि हमीभाव व सरकारने ठरवलेला सरासरी बाजारभाव यांतील तफावत सरकारने त्याच्या खात्यात भरावी. सोयाबीन, भुईमूग, तीळ, कारळे, मका, मूग, उडीद आणि तूर या आठ पिकांना ती लागू झाली. धान त्यांत नव्हता. त्याची खरेदी पूर्वीप्रमाणे हमीभावाने चालू राहिली. म्हणजे ज्या योजनेमुळे कृषिमंत्र्यांचे खाते देशभर चर्चेत आले, तिचा त्यांच्या स्वतःच्या मतदाराच्या मुख्य पिकाशी संबंध नव्हता.

या जिल्ह्याचे राजकारण सौम्य कधीच नव्हते. दिग्विजय सिंह यांच्या मंत्रिमंडळातील परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांची डिसेंबर 1999 मध्ये नक्षलवाद्यांनी त्यांच्याच गावी हत्या केली. त्यांच्या कन्या हिना कावरे पुढे लांजीतून आमदार आणि 2019 मध्ये विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या. बिसेन यांच्यासमोर उभे राहिले ते मुंजारे घराणे. 1989 मध्ये लोकसभा जिंकलेल्या कंकर मुंजारे यांच्या पत्नी अनुभा मुंजारे यांनी 2013 मध्ये समाजवादी पक्षातर्फे त्यांना असे गाठले, की भारतीय जनता पक्ष राज्यात 165 जागा मिळवीत असताना बिसेन यांचे मताधिक्य सुमारे 2,500 वर उतरले. 2018 मध्ये पक्षाची सत्ता गेली, तेव्हा तेच मताधिक्य 27 हजारांवर चढले. 2023 मध्ये, ऑगस्टात मंत्रिपदाची शपथ घेतलेल्या आणि कन्येची उमेदवारी जाहीर झाल्यावरही अखेर स्वतःच रिंगणात उतरलेल्या बिसेन यांना अनुभाबाईंनी काँग्रेसतर्फे पराभूत केले. पुढल्याच वर्षी कंकर मुंजारे बहुजन समाज पक्षातर्फे लोकसभेला उभे राहिले आणि दोन पक्षांची माणसे एका छपराखाली नकोत म्हणून निवडणूक पार पडेपर्यंत घर सोडून झोपडीत राहावयास गेले. इतका कडवेपणा इथल्या मातीत आहे.

या आकड्यांकडे एकत्र पाहिले म्हणजे बालाघाटचा मतदार लहरी होता असे म्हणवत नाही. पक्ष विरोधात असता आपला माणूस भोपाळात हवा, हा हिशेब त्याने तीनदा केला, आणि पक्षाची सत्ता निश्चित असता त्या माणसाची गरज पुन्हा तपासून पाहण्याची मुभाही त्याने घेतली. दीर्घ आमदारकी ही नेत्याची पुण्याई मानण्याची आपल्याकडे रीत आहे; परंतु प्रत्येक निवडणुकीत तिची मुदत वाढवणारा किंवा संपवणारा अखत्यार मतदाराने आपल्या हाती ठेवला होता. 1985 मध्ये लाटेविरुद्ध बिसेन यांना निवडणारी विवेकबुद्धी आणि 2023 मध्ये लाटेविरुद्ध त्यांना घरी बसवणारी विवेकबुद्धी, या दोन्ही एकाच मतदारसंघाच्या आहेत, आणि त्या कारकीर्दीचे श्रेय वाटताना मतदाराच्या या विवेकबुद्धीचाही वाटा काढावाच लागेल.