.४५ कोल्ट: आकडा कोणत्या तक्त्यातला, ते आधी बघा

भारतात परवान्याशिवाय काडतूस स्वतः भरणं (रीलोडिंग) गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र हा रीतसर छंद आहे, आणि तिथल्या मराठी नेमबाजांसाठी ही पोस्ट.

.४५ कोल्ट हे १८७३ चं काडतूस, काळ्या बारुदीच्या जमान्यातलं. ‘सामी’ (SAAMI) या अमेरिकी मानक-संस्थेनुसार त्याची कमाल दाबमर्यादा १४,००० पीएसआय; .३५७ मॅग्नमची ३५,०००! पण रुगर ब्लॅकहॉकसारख्या दणकट रिव्हॉल्व्हरसाठी बऱ्याच मॅन्युअलमध्ये .४५ कोल्टचाच जास्त दाबाचा वेगळा तक्ता असतो. त्या तक्त्यातला भार जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये घातला तर सिलिंडर फुटू शकतो. त्यामुळे आधी तक्त्याचं शीर्षक वाचा.

डेटा घ्यायचा तो हॉजडन, लायमन, हॉर्नडी, स्पीअर यांच्या मॅन्युअलमधलाच, तोही ताजा. ‘माझ्याकडे मस्त चालतो’ छाप ऐकीव आकडा अजिबात नको. पावडर, गोळीचं वजन आणि प्रकार, प्रायमर, एकूण लांबी, सगळं जुळायला हवं. सुरुवात किमान भारापासून. एच-११० पावडर मात्र छापील किमानाखाली कधीच नेऊ नका. कमी भरली म्हणजे सुरक्षित, हा हिशेब तिला लागू नाही.

.४५ कोल्टच्या लांबलचक केसमध्ये जलद जळणारी पावडर तळाशीच राहते, चुकून दोनदा पडली तरी सहज मावते. गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारून बघाच.